पोर्पॉइज आणि पाकट : जाळं एकच, न्याय दोन

मासेमारीचा हंगाम सुरू असला की किनाऱ्यावरच्या गावांतून दोन तऱ्हेचे फोटो मोबाईलवर फिरतात. एक, वाळूवर मरून पडलेला काळपट, गुळगुळीत, पाठीवर पर नसलेला प्राणी. खाली लिहिलेलं असतं ‘डॉल्फिनचा मृत्यू’, पुढे रडका चेहरा. दुसरा फोटो लिलावाच्या जागेचा. टेबलाएवढं पाकट, त्याच्या शेजारी उभा राहिलेला माणूस, आणि खाली ‘आज लॉटरी लागली’.

पहिल्या फोटोवर हळहळ, दुसऱ्यावर अभिनंदन. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण मित्रांनो, या दोन जीवांचा हिशोब शेजारी शेजारी मांडून बघितला तर वेगळंच चित्र दिसतं. कायदा, बाजार आणि आपल्या मच्छीमाराचा खिसा, तिन्ही गोष्टी यात गुंतल्या आहेत. म्हणून हा विषय आज घेतलाय. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनारी गावांनी तर वाचावाच, पण वर घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनीही वाचावा. बाजारात मासळी आपण सगळेच घेतो.

आधी ओळख करून घेऊ

तो काळपट प्राणी बहुतेक वेळा डॉल्फिन नसतो. तो असतो पोर्पॉइज, डॉल्फिनचा लहान चुलतभाऊ म्हणा. लांबी साधारण पाच फूट. पाठीवर पर नाही, तोंड बोथट, चोच नाही. तारकर्ली-देवबागच्या बोटीतून पर्यटकांना दिसतो तो कुबडवाला डॉल्फिन वेगळा. पोर्पॉइज उड्या मारत नाही, बोटीबरोबर शर्यत लावत नाही. श्वास घ्यायला वर येतो, पाठ जरा दिसते न दिसते तोच खाली जातो. त्यामुळे जन्मभर समुद्रावर राहिलेल्यांनाही तो जिवंत नीट दिसत नाही, दिसतो तो मेल्यावर.

तो मासा नाही. आपल्यासारखा फुप्फुसानं श्वास घेतो, रक्त गरम, पिल्लाला दूध पाजतो. शेपटी बघा, माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. याची आडवी असते आणि वर-खाली हलते. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

पाकट, म्हणजे काही गावांतली वागळी, हा मात्र मासाच. पण त्याला बांगड्या-सुरमईसारखी हाडं नसतात. सांगाडा कुर्चेचा, आपल्या कानाची पाळी जशी तसा. शार्क आणि पाकट एकाच घराण्यातले. अंग चपटं, दोन्ही बाजूंचे पर पंखासारखे पसरलेले, शेपटी चाबकासारखी आणि बऱ्याच जातींत शेपटीवर विषारी काटा. कल्ले पोटाच्या बाजूला असतात. वाळूत अंग पुरून बसल्यावर श्वास कसा घेणार? त्यासाठी डोळ्यांच्या मागे दोन भोकं असतात, तिथून पाणी आत ओढतो.

भक्ष्य शोधायची दोघांची रीत बघण्यासारखी आहे. पोर्पॉइज बारीक आवाज सोडतो आणि तो आपटून परत आला की समोर काय आहे ते ओळखतो. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा त्याचा कान कामाचा. पाकटाच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, त्यांनी त्याला जिवंत प्राण्याच्या अंगातली सूक्ष्म वीज कळते. वाळूखाली दडलेला खेकडा, तिसऱ्या, कोळंबी तो न बघता काढतो. पण नायलॉनच्या बारीक जाळ्यापुढे या दोन्ही विद्या बऱ्याचदा फसतात.

जाळ्यात काय होतं?

इथे दोघांत मोठा फरक आहे. पोर्पॉइज काही मिनिटंच पाण्याखाली राहू शकतो. रात्रभर टाकून ठेवलेल्या जाळ्यात अडकला आणि वर येता आलं नाही, की गुदमरून मेला. समुद्रातला प्राणी बुडून मरतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. म्हणजे जाळं ओढेपर्यंत त्याचा खेळ बहुतेक संपलेला असतो. मच्छीमाराच्या मनात असूनही तो वाचवता येत नाही.

पाकटाचं तसं नाही. ते कल्ल्यांनी श्वास घेतं, त्यामुळे जाळ्यात अडकून पाण्यातच राहिलं तर तग धरण्याची शक्यता जास्त. डेकवर आल्यावरही पुष्कळ पाकटं धडपडत असतात. थोडक्यात, जे वाचवणं अवघड त्याच्यासाठी कायदा कडक आहे, आणि जे हातात जिवंत येतं ते सोडायचं असतं हे आपल्या डोक्यातच येत नाही.

वाढ दोघांची सारखीच मंद

मी शेतकरी माणूस, म्हणून शेतीतला दाखला देतो. बांगडा, तारली हे भाजीच्या वाफ्यासारखे. एक मादी हजारो-लाखो अंडी सोडते, वर्षभरात पीक तयार. हंगाम जरा बरा गेला की पुन्हा भरून येतं. पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलै ही बंदी मुख्यतः अशाच माशांच्या कामाची.

पोर्पॉइज म्हणजे गोठ्यातली म्हैस. साधारण अकरा महिने गाभण, एका वेळी एकच पिल्लू, मग काही महिने दूध. दरवर्षी वीत नाही.

आता पाकट कुठे बसवाल? मासा म्हणून आपण ते वाफ्यात बसवतो. तिथेच गणित चुकतं. काटेवाली पाकटं अंडी सोडत नाहीत, जिवंत पिल्लं देतात, तीही मोजकी. आणि पुढची गोष्ट ऐकून बरेच जण थक्क होतील : पाकटाची मादी पोटातल्या पिल्लांना गर्भाशयात दुधासारखा द्रव पाजते. पोर्पॉइज पिल्लाला बाहेर आल्यावर पाजतो, पाकट आत असतानाच. सगळ्यात मोठं पाकट म्हणजे मांटा. त्याची मादी वर्षभर पोट वागवते आणि पिल्लू देते एक. दोन वेतांमध्ये काही वर्षांचं अंतर पडतं.

म्हणजे पाकट दिसायला मासा, वाढायला म्हैस. गाभण म्हैस कापून कुणी दुधाचा धंदा करत नाही. आपण समुद्रात मात्र नेमकं तेच करतोय. लिलावात मोठं पाकट आलं की ते मोठी मादी असण्याची शक्यता असते, आणि मोठं म्हणूनच त्याला भाव मिळतो.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पोर्पॉइज पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्याची शिकार, विक्री सिद्ध झाली तर तीन ते सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये.

पाकटांची गोष्ट गुंतागुंतीची. जुलै २००१ मध्ये केंद्रानं एका फटक्यात सगळेच शार्क आणि पाकटं संरक्षित करून टाकली. किनाऱ्यावर ओरड झाली, कारण त्यावर पोट असलेल्या कुटुंबांना कुणी विचारलंच नव्हतं. मग त्याच वर्षी डिसेंबरात यादी आखडली आणि शार्क-पाकट मिळून दहा जाती उरल्या. त्यात देवमुशी म्हणजे व्हेल शार्क होता, करवत मासा होता आणि गिटारच्या आकाराचा गिटारफिशही होता. करवत मासा नावाला वेगळा वाटला तरी कुळ पाकटाचंच. तो आज आपल्या देशाच्या किनाऱ्यावर दिसणं म्हणजे बातमी होते. २०२२ च्या दुरुस्तीत याद्या नव्यानं लावल्या गेल्या, पण रोजच्या लिलावात येणारी साधी पाकटं कायद्याच्या बाहेरच आहेत.

मी म्हणत नाही की सगळी पाकटं बंद करा. २००१ साली ते करून बघितलं, सहा महिनेही टिकलं नाही. सुकं पाकट हे गरिबाच्या घरातलं पावसाळ्याचं कालवण आहे. प्रश्न असा आहे की मधला रस्ता कुणी शोधला का?

एक रस्ता महाराष्ट्रानंच शोधलाय, पण तो गावागावात पोचलेला नाही. डिसेंबर २०१८ पासून राज्यात योजना आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना चालवतात. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून लागतो. कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन, गिटारफिश असे प्राणी यातून सुटले आहेत.

योजना चांगली आहे, हे आधी म्हणतो. पण आता वर सांगितलेलं आठवा. पोर्पॉइज बहुतेक वेळा मेलेलाच वर येतो, मग सोडणार काय आणि भरपाई कशाची? आणि जे पाकट जिवंत वर येतं, ते यादीत नसेल तर सोडून फायदा काय? म्हणजे योजनेचा दरवाजा आहे, पण आपल्या जाळ्यातले हे दोन नेहमीचे पाहुणे त्यातून फारसे आत जात नाहीत.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं

हे दोन्ही जीव संपले तर काय होतं, हे कल्पनेवर सोडायची गरज नाही. दोन्हींची उदाहरणं आहेत.

पहिलं मेक्सिकोचं. तिथे कॅलिफोर्नियाच्या आखातात वाकिटा नावाचा पोर्पॉइज राहतो, जगातला सगळ्यात लहान. १९९७ च्या सुमारास तो साडेपाचशेच्या वर होता. आज दहाच्या आसपास उरलाय. त्याला मारायला कुणी जात नाही. तिथे टोटोआबा नावाचा मोठा मासा आहे, त्याच्या भोतासाठी चोरून जाळी लागतात आणि वाकिटा त्यात बुडून मरतो. भोताची किंमत आपल्याला काय सांगायला हवी? २०२१ साली पालघरच्या मुरबे गावातल्या एका बोटीला दीडशेवर घोळ मासे मिळाले आणि सव्वा कोटीच्या वर बोली गेली, ती भोतापायीच. फरक इतकाच की आपल्याकडची घोळ कायदेशीर आहे आणि तिकडे टोटोआबा पकडायलाच बंदी आहे. वाकिटासाठी आरमार आलं, जगभरच्या संस्था आल्या. २०१७ साली त्यांना पकडून सुरक्षित जागी ठेवायचा प्रयत्न झाला, त्यात एक मादी दगावली आणि तो नाद सोडावा लागला. सगळं जग बघत असूनही तो संपत चाललाय, कारण भोताचा चोरटा बाजार तोडता आला नाही आणि मच्छीमाराला दुसरं पोट भरायचं साधन नीट मिळालं नाही.

दुसरं उदाहरण इंडोनेशियाचं, आणि ते पाकटाचं आहे. जावा बेटावर जकार्ताच्या मासळी बाजारात १८६२ साली एका अभ्यासकाला ताटलीएवढं छोटं पाकट मिळालं. त्याची नोंद झाली, नमुना संग्रहालयात गेला. त्यानंतर ती जात पुन्हा कुणालाच सापडली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक निसर्ग संघटनेच्या लाल यादीत ती नामशेष म्हणून जाहीर झाली. माणसाच्या कृतीमुळे संपलेला समुद्रातला पहिला मासा म्हणून तिची नोंद आहे. कारण काय, तर बेसुमार मासेमारी आणि जकार्ताच्या किनाऱ्यावर झालेली बांधकामं. ती नेमकी कधी संपली ते सांगायला कुणी नाही. बाजारात टोपलीत इतर पाकटांबरोबर विकली गेली असेल शेवटची.

बघा फरक. वाकिटाचे उरलेले दहा जीव जगाला माहीत आहेत. जावाचं पाकट गेलं ते कळायला दीडशेच्या वर वर्षं लागली. एकाला मोजत मोजत मरू दिलं, दुसऱ्याला मोजलंच नाही.

तिसरी बाजूही सांगतो, नाहीतर वाचून नुसती निराशा येईल. चीनच्या यांगत्से नदीत आपल्या पोर्पॉइजचा गोड्या पाण्यातला भाऊबंद आहे. २०१७ च्या गणनेत तो १०१२ भरला होता. जानेवारी २०२१ पासून तिथे नदीत दहा वर्षं मासेमारी बंद केली. २०२२ ला मोजले तर १२४९. संख्या वाढली. पण त्यासाठी दोन लाखांच्या वर मच्छीमारांना धंदा सोडावा लागला आणि सरकारला त्यांची सोय बघावी लागली. आपल्याकडे अशी बंदी कुणी सुचवू नये, झेपणार नाही. शिकायचं एवढंच की मोजलं आणि माणसाची सोय बघितली तर प्राणी परत येतो.

बाजाराचा दट्ट्या

आता पैशाचं. अमेरिका हा भारताच्या मासळीचा मोठा गिऱ्हाईक, विशेषतः कोळंबीचा. त्यांचा नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झालाय : ज्या देशाच्या मासेमारीत डॉल्फिन, पोर्पॉइज, देवमासे यांचे जीव जाऊ नयेत यासाठी अमेरिकेच्या तोडीची व्यवस्था नाही, तिथला त्या मासेमारीचा माल घेणार नाही. ही पोकळ धमकी समजू नका. जाळ्यात कासव निसटायची सोय नाही म्हणून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी त्यांनी २०१९ पासून बंदच ठेवलीय. त्यामुळे केंद्राच्या संस्था आता समुद्री सस्तन प्राण्यांची मोजदाद करायला लागल्यात.

म्हणजे पोर्पॉइजच्या मागे कायदा उभा आहे, परदेशी गिऱ्हाईक उभा आहे, आता गणना करणारेही आले. पाकटाच्या मागे कोण आहे? थोडंफार आहे. शार्कच्या परांच्या निर्यातीवर भारतानं २०१५ पासून बंदी घातलीय. मांटासारख्या पाकटांचे कल्ले चीनकडे औषधाच्या नावानं जातात म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत त्यांना घेतलं गेलं. पण गावच्या लिलावात त्याचा काही पत्ता लागत नाही. तिथे लहान-मोठं, काटेवालं-बिनकाट्याचं सगळं ‘पाकट’ या एकाच नावाखाली वजनावर जातं. जगात शार्क आणि पाकटांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत असं २०२१ च्या मोजणीत निघालं. त्यातल्या आपल्या किती, हे एकाच नावाच्या टोपलीत कसं कळणार?

मग करायचं काय?

सरकारनं करायच्या गोष्टी तीन. लिलावाच्या जागी पाकटाची नोंद जातवार व्हावी, त्यासाठी आपल्या बोलीतल्या नावांसह फोटोंचा तक्ता लावावा. भरपाईच्या योजनेत मोठी गाभण पाकटं सोडणाऱ्यालाही काही मिळावं, रक्कम कमी असली तरी चालेल, पण वेळेवर मिळावी. आणि २००१ सारखं वरून फर्मान न काढता रापणकार, छोटे बोटवाले, ट्रॉलरवाले यांना आधी बसवून विचारावं. कुठली जात कधी आणि कुठे पिल्लं घालते हे कागदापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

आपण करायच्या गोष्टी साध्या आहेत.

पोर्पॉइज किंवा डॉल्फिन जिवंत सापडला तर शेपटीला धरून उचलू नका. अंगावर ओलं फडकं ठेवा, पण डोक्यावरचं श्वासाचं भोक मोकळं ठेवा, त्यात पाणी जाऊ देऊ नका. जाळं कापून सोडा आणि कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. मेलेला किनाऱ्यावर लागला तर पुरून टाकण्याआधी वन विभागाला कळवा, हेल्पलाइन १९२६. भीती बाळगू नका. चुकून सापडलेला प्राणी कळवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, आणि तुम्ही कळवलंत तरच तो मोजला जातो.

गिटारफिश, करवत मासा सापडला तर तोही सोडा, भरपाईचा अर्ज करा. पाकट सोडताना कल्ल्यात किंवा तोंडात हात घालून उचलू नका, आकडी मारू नका. दोन्ही पराखाली आधार द्या आणि शेपटीपासून लांब राहा.

पाकटाचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, अर्धा तास ते दीड तास. विष उष्णतेनं मंदावतं, ठणका कमी होतो. पाणी भाजेल इतकं कढत नको. काटा खोल रुतला असेल, विशेषतः छातीत, पोटात किंवा मानेत, तर स्वतः उपसू नका, तसंच दवाखान्यात न्या. नंतर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला विसरू नका.

आणि गिऱ्हाईकांनी एक करावं. मोठ्या पाकटाचा तुकडा मिळाला म्हणून फुशारकी मारण्यापेक्षा बांगडा, तारली घ्यावी. तीही चवीला काही कमी नाही आणि दरवर्षी परत येते.

तुमच्या गावच्या लिलावात पाकटाच्या किती तऱ्हा येतात, त्यांना तुमच्याकडे काय म्हणतात आणि दहा-वीस वर्षांपूर्वी येणारी कुठली आता येत नाही, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून आमच्याकडे पाठवा. फोटो असेल तर उत्तम. पोर्पॉइजची मोजणी सरकार करायला लागलंय. पाकटाची निदान नावं तरी आपण लिहून ठेवू.